कोल्टच्या घुमटापासून नॉटिलसपर्यंत: बंदुका आणि युद्धेतिहास पाहण्यासाठी न्यू इंग्लंडची रोड ट्रिप

बंदुकांची संग्रहालयं बघायला निघालेल्या बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या दिवशी दुपारीच संपतो. काचेच्या कपाटांत ओळीने लावलेल्या शंभर रायफली पाहून झाल्यावर एकशे एकावी वेगळी दिसत नाही, आणि बरोबरची मंडळी बाक शोधून फोन काढतात. म्हणून नव्याने बेत आखणाऱ्याला माझा पहिला सल्ला: संग्रहालयांची यादी करण्याआधी एक प्रश्न पक्का करा. अमेरिकेत या विषयाच्या जागा इतक्या आहेत की प्रश्न नसेल तर सहा महिनेही पुरणार नाहीत.

इथे मांडलेल्या सहलीचा प्रश्न असा: एकेक बंदूक कानशीने घासून घडवणारा कारागीर मागे पडून त्याच्या जागी कारखाना कसा आला? या प्रश्नाचं उत्तर कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात आहे. एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला न घासता, न ठोकता बसला पाहिजे, हा हट्ट इथल्या शस्त्रशाळांनी धरला. त्यासाठी जी यंत्रं आणि मापकं बनली, त्यांच्यावरच पुढे शिवणयंत्रं आणि सायकली निघाल्या. बंदुकीत अजिबात रस नसलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरलाही ही सहल आवडते, आणि आपल्यात ते घरटी एक सापडतात.

सोयीसाठी सुरुवात न्यू जर्सीतून धरली आहे. आपली बरीच माणसं तिथे आहेत, भारतातून येणारे आईवडीलही बहुधा नेवार्कलाच उतरतात. एकूण अंतर साधारण साडेसहाशे मैल, दिवस सात. पाच दिवसांत बसवता येईल, पण मग संग्रहालयांपेक्षा हायवेच जास्त दिसेल.

निघण्याआधी: कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. शूटिंग रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यात येऊ शकतं. ‘चल रे, काही होत नाही, सगळे करतात’ असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो बहुधा नागरिक झालेला असतो किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असतं. हे कलम त्याला लागू नाही, तुम्हाला आहे. हौसच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. माझं मत विचाराल तर या सहलीत गोळी झाडण्याची गरजच नाही. ठासणीच्या बंदुकीचा बार ऐकायचाच असेल, तर नॅशनल पार्क सर्व्हिसचे लोक जुन्या पोशाखात तो उडवून दाखवतात आणि त्याला तिकीटही नसतं.

बरोबरच्या कुणाकडे स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर ती घरीच राहू दे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट या प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. व्हरमाँटमध्ये जे सहज चालतं, त्यापायी मॅसॅच्युसेट्समध्ये तुरुंगाची वेळ येऊ शकते.

आता आठवणीच्या वस्तू. लढाईच्या मैदानावर जमिनीत शिशाची गोळी दिसली तर उचलायची नाही. नॅशनल पार्कच्या हद्दीत मेटल डिटेक्टर चालवणं आणि असे अवशेष काढणं बेकायदा आहे. संग्रहालयांच्या दुकानांत काडतुसाच्या आकाराची किचेन, नकली हातबॉम्ब, पुंगळ्यांची पेनं मिळतात. भारतात परतणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत यातलं काहीही जाऊ देऊ नका. विनापरवाना जिवंत काडतूस जवळ असणं हा आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हातातलं काडतूस जिवंत आहे की शोभेचं, याचा वाद विमानतळाच्या एक्स-रे यंत्रापाशी घालण्यात अर्थ नसतो. टी-शर्ट आणा, पुस्तक आणा.

कधी जायचं

मे अखेर ते ऑक्टोबर. व्हरमाँटमधल्या विंडसरचं अमेरिकन प्रिसिजन म्युझियम (जुन्या कारखान्यांच्या यंत्रांचं संग्रहालय) हिवाळ्यात बंद असतं, आणि ते वगळलं तर या सहलीचा कणाच निघून जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हरमाँटची झाडं लाल-पिवळी होतात, तेव्हा हॉटेलांचे दर दुप्पट दिसले तर नवल वाटू देऊ नका. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डेची सुट्टी असते, आणि त्या सुमारास पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७५ च्या पहिल्या चकमकीचं नाट्यरूप होतं. ते गाठायचं असेल तर तेवढ्यासाठी वेगळा वीकेंड काढा.

वाटेतल्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या बहुतेक जागा फुकट आहेत, त्यामुळे या सहलीसाठी वार्षिक पास घेऊ नका. मुलं असतील तर ज्युनिअर रेंजरची पुस्तिका प्रत्येक ठिकाणी मागून घ्या. ती भरण्याच्या नादात मुलं आपण वाचत नाही त्या पाट्याही वाचून काढतात.

गाडीबद्दल थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवर टोलनाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो. टोल आपोआप भरणारा स्वतःचा ई-झेडपास भाड्याच्या गाडीत नेता येतो, फक्त त्या गाडीचा नंबर खात्यात घाला. नाहीतर भाडेकंपनी टोलवर स्वतःचा आकार लावते. कनेक्टिकटमध्ये टोल नाही. भारतीय परवान्यावर चालवणाऱ्या पाहुण्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवावा.

पहिला दिवस: पॅटरसन ते हार्टफर्ड

न्यू जर्सीत वर्षानुवर्षं राहूनही पॅटरसनला कुणी जात नाही. पासेइक नदीचा ७७ फुटी धबधबा तिथे भर शहरात कोसळतो. त्याच्या पाण्यावर कारखाने चालवायची कल्पना अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० च्या दशकात उचलून धरली. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि पहिला कारखाना इथेच काढला. तो १८४२ मध्ये बुडाला. सैन्याला ही नाजूक, महागडी वस्तू नको होती. शेजारच्या पॅटरसन म्युझियममध्ये त्या काळातली कोल्टची रिव्हॉल्व्हर आहेत, आणि जॉन हॉलंड या आयरिश शिक्षकाने बनवलेली १८७८ ची पहिली छोटी पाणबुडीही. ती नीट बघून ठेवा. सातव्या दिवशी तिच्या वंशजाची गाठ पडणार आहे.

तिथून आय-८४ ने हार्टफर्ड, अडीच तास. वाटेत न्यूटाउन लागतं. १४ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. त्यांचं स्मारक हायवेपासून जवळच आहे, २०२२ मध्ये खुलं झालं. मधोमध पाण्याचं गोल कुंड, कडेवर नावं. बंदुकांच्या इतिहासाची सहल म्हणवून तिथून न थांबता पुढे जाणं मला पटत नाही. अर्धा तास पुरतो. तिथे सेल्फी काढायचा नसतो, हे मुलांना गाडीतच सांगा.

दुसरा दिवस: हार्टफर्ड

आय-९१ वरून जाताना सोनेरी तारे काढलेला निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. तो कोल्टच्या कारखान्याचा. पॅटरसनला बुडालेल्या कोल्टला १८४७ मध्ये सॅम्युएल वॉकर या घोडदळाच्या कॅप्टनमुळे सरकारची १,००० रिव्हॉल्व्हरची ऑर्डर मिळाली. तेव्हा त्याच्याकडे कारखानाच नव्हता, माल एली व्हिटनी या बंदूक-कारखानदाराच्या मुलाच्या कारखान्यातून बनवून घ्यावा लागला. त्या पैशांवर तो हार्टफर्डला आला आणि १८५५ मध्ये नदीकाठी मोठा कारखाना उभा केला. १८६२ मध्ये तो वारला, दोन वर्षांनी कारखान्याचा मोठा भाग जळाला आणि त्याची पत्नी एलिझाबेथने तो पुन्हा बांधून घेतला. हा परिसर आता कोल्ट्सव्हिल नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. काही इमारतींत आज लोक राहतात, काहींत कचेऱ्या आहेत. त्यामुळे आत काय आणि कधी बघता येईल ते पार्कच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी पाहून जा.

दोन गोष्टी चुकवू नका. एक, एलिझाबेथने बांधलेलं चर्च ऑफ द गुड शेफर्ड. त्याच्या एका दाराच्या दगडी नक्षीत वेलबुट्टीबरोबर रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग कोरलेले आहेत. देवळाच्या दारावर पिस्तुलाची नळी! चर्च बंद असलं तरी हे बाहेरून दिसतं. दुसरी, राज्याच्या कॅपिटॉलसमोर स्टेट लायब्ररीच्या इमारतीतलं म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरी. प्रवेश फुकट, आणि कोल्ट कंपनीचा स्वतःचा संग्रह तिथे आहे: सुरुवातीच्या नमुन्यांपासून दांडा फिरवून चालवायच्या, अनेक नळ्यांच्या गॅटलिंग गनपर्यंत. सरकारी इमारत आहे, तेव्हा शनिवार-रविवारचं वेळापत्रक आधी बघा.

कोल्टच्या कारखान्यात एलिशा रूट नावाचा सुपरिंटेंडेंट होता. कारखान्यातली बरीच यंत्रं त्याच्या डोक्यातून निघाली. त्याच कारखान्यात फ्रान्सिस प्रॅट आणि अमोस व्हिटनी हे दोघे काम करत होते. त्यांनी १८६० मध्ये यंत्रं बनवायची स्वतःची कंपनी काढली. पुढे १९२५ मध्ये तिच्याच नावाने आणि जागेत विमानाची इंजिनं बनू लागली. हार्टफर्डच्या मराठी मंडळींपैकी कुणी प्रॅट अँड व्हिटनीत असेल, तर त्याच्या नोकरीचं मूळ या घुमटाखाली आहे.

तिसरा दिवस: स्प्रिंगफील्ड

अंतर जेमतेम २५ मैल, म्हणून हार्टफर्डचा मुक्काम हलवला नाही तरी चालतं. स्प्रिंगफील्ड आर्मरी हे या सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण. इथे तीन तास हवेत.

१७७७ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाचं शस्त्रागार म्हणून ही टेकडी निवडली गेली. १७८७ च्या जानेवारीत कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली हे शस्त्रागार लुटण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण मध्यवर्ती सरकार किती दुबळं आहे ते उघड झालं आणि त्याच वर्षी नवी राज्यघटना लिहायला लोक फिलाडेल्फियाला जमले. १७९४ पासून ही राष्ट्रीय शस्त्रशाळा झाली आणि १९६८ पर्यंत चालली. आज आवारात कम्युनिटी कॉलेज आहे, त्यामुळे आत शिरल्यावर आपण चुकून कॉलेजात आलो की काय असं वाटतं. गाडी पुढे घ्या, संग्रहालय आतच आहे.

आत गेल्यावर बंदुकांकडे जाण्याआधी ब्लँचर्डचं लेथ शोधा. बंदुकीचा लाकडी दस्ता हा वेडावाकडा आकार, तो कारागिराने रंधा-पटाशीनेच करायचा. थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास एक युक्ती काढली. तयार दस्त्याचा नमुना आणि कोरं लाकूड एकाच वेळी फिरतात, नमुन्यावर एक चाक टेकून वरखाली होतं आणि त्याला जोडलेलं पातं लाकडावर तेवढंच वरखाली कापतं. आज दुकानात डुप्लिकेट किल्ली करून देतात तीच ही रीत. हे यंत्र कळलं की पुढची सगळी दालनं कळतात.

मग मस्केटचा, म्हणजे लांब नळीच्या जुन्या बंदुकांचा, ऑर्गन: बंदुका उभ्या रचायची प्रचंड मांडणी, फोटो सगळे इथेच काढतात. त्यानंतर पायदळाच्या बंदुकांचा क्रम लावून बघा. गारेच्या ठिणगीने बार उडणारी चकमकीची बंदूक, मग स्फोटक टोपीने बार उडणारी ठासणीची, मग नळीत पेचदार खाचा असलेली १८६१ ची रायफल-मस्केट, मग मागून काडतूस घालायची, १९०३ ची बोल्टवाली आणि शेवटी एम-१ गरँड. जॉन गरँड मूळचा कॅनडातला, क्यूबेकचा. त्याने ही अर्धस्वयंचलित रायफल याच टेकडीवर नोकरीत असताना बनवली, सैन्याने ती १९३६ मध्ये स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात ती लाखोंनी बनली. पेटंटचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले होते.

एक भ्रम इथे दूर होतो. सुटे भाग अदलाबदल करता येण्याचं श्रेय शाळेच्या पुस्तकांत एली व्हिटनीला देतात. त्याने १७९८ मध्ये १०,००० मस्केटचं कंत्राट घेतलं आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टनला सुटे भाग जोडून पुढाऱ्यांना थक्क केलं. नंतर अभ्यासकांनी त्याच्या बंदुका तपासल्या तेव्हा भाग खरे अदलाबदल करण्याजोगे निघाले नाहीत. ते जमवलं जॉन हॉलने, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत, १८२० च्या दशकात. व्हिटनी उत्तम विक्रेता होता, एवढं मात्र मान्य करायला हवं.

घरच्यांना बंदुकांचा कंटाळा आला असेल तर स्प्रिंगफील्डसारखं सोयीचं गाव नाही. बास्केटबॉलचा जन्म इथे १८९१ मध्ये झाला, त्याचं हॉल ऑफ फेम आहे. लहान मुलांसाठी डॉ. स्यूसचं संग्रहालय आहे. दुपारी फुटून संध्याकाळी भेटा.

चौथा दिवस: विंडसर, व्हरमाँट

आय-९१ ने उत्तरेला शंभरेक मैल, उजव्या हाताला बराच वेळ कनेक्टिकट नदी. विंडसरचं अमेरिकन प्रिसिजन म्युझियम १८४६ च्या रॉबिन्स अँड लॉरेन्स शस्त्रशाळेच्या विटांच्या इमारतीत आहे. इथे बंदुका थोड्या, यंत्रं पुष्कळ. त्यातली काही चालवूनही दाखवतात.

आणि आपला धागाही इथेच जुळतो. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या कंपनीने आपल्या रायफली मांडल्या. इंग्रज अधिकारी थक्क झाले, अमेरिकेत येऊन कारखाने पाहून गेले आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी त्यांनी इथून आणि स्प्रिंगफील्डजवळच्या चिकोपीहून यंत्रं मागवली. तो कारखाना १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल बनवण्यासाठी उभा राहत होता. त्याच नमुन्याच्या रायफलीचं चरबी लावलेलं काडतूस दातांनी तोडण्यावरून १८५७ मध्ये बराकपूर आणि मेरठला ठिणगी पडली. भारतात आलेल्या बंदुका या यंत्रांवर बनल्या असं म्हणता येणार नाही, काळ जुळत नाही. पण शाळेत वाचलेली ती एनफील्ड कोणत्या कारखानदारीच्या उंबरठ्यावर उभी होती, ते या गावात समजतं. रॉबिन्स अँड लॉरेन्सने १८५५ मध्ये २५,००० एनफील्ड बनवायचं कंत्राटही घेतलं होतं. क्रिमियन युद्ध संपलं, माल वेळेत झाला नाही आणि कंपनीचं दिवाळं निघालं.

संग्रहालय दोन तासांत होतं. मग १८६६ च्या छपराच्या लाकडी पुलावरून नदी ओलांडा. पलीकडे न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निशला शिल्पकार सेंट-गॉडन्सचं घर आहे, इथे मात्र तिकीट आहे. यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय रेजिमेंटचं त्याने घडवलेलं उठावशिल्प बागेत पाहायला मिळतं. बॉस्टनमधल्या प्रसिद्ध स्मारकाचीच ही दुसरी आवृत्ती. इथे गर्दी नसते, म्हणून एकेका सैनिकाचा चेहरा निवांत बघता येतो.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणसाची खरी परीक्षा याच पट्ट्यात होते. डायनरमध्ये पॅनकेक, ग्रिल्ड चीज, सॅलड एवढ्यावर भागवावं लागतं. दशम्या आणि चटणी दोन दिवस सहज टिकते.

पाचवा आणि सहावा दिवस: कॉनकर्ड, बॉस्टन

विंडसरहून मॅसॅच्युसेट्समधलं कॉनकर्ड सव्वादोन तास. १९ एप्रिल १७७५ रोजी सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक बॉस्टनहून इथला दारूगोळा जप्त करायला आले. लेक्सिंग्टनला ८ गावकरी पडले, कॉनकर्डच्या नॉर्थ ब्रिजवर गावकऱ्यांनी उलट मारा केला आणि परतीच्या वाटेवर सैन्याला झाडांआडून टिपलं. गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला हे मैदान लगेच कळतं. मिनट मॅन पार्कमध्ये त्या रस्त्याची पाच मैलांची पायवाट जपली आहे. सगळी चालू नका, हार्टवेल टॅव्हर्नच्या आसपासचा तुकडा पुरे. उन्हाळ्यात मस्केटचं प्रात्यक्षिक तिथे होतं. ते बघताना गोळी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजा. तिसऱ्या दिवशी पाहिलेल्या गरँडचं महत्त्व तेव्हा पटतं.

बॉस्टनमध्ये गाडी नेऊ नका. एलवाइफ स्टेशनवर लावा आणि रेड लाइन पकडा. चार्ल्सटाउन नेव्ही यार्डमध्ये १७९७ ची यूएसएस कॉन्स्टिट्यूशन आहे. ती अजूनही नौदलाच्या सेवेत आहे, त्यामुळे १८ वर्षांवरच्यांना फोटो ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. जहाज दाखवणारे नौसैनिक आहेत, त्यांना प्रश्न विचारा, ते खुलतात. जवळच बंकर हिल स्मारक, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही.

सातवा दिवस: फॉल रिव्हर, ग्रोटन, घर

फॉल रिव्हरच्या बॅटलशिप कोव्हला तिकीट आहे, पण पैसे वसूल होतात. १९४२ मध्ये कॅसाब्लँकाला लढलेली यूएसएस मॅसॅच्युसेट्स ही युद्धनौका इथे आहे. तिच्या १६ इंची तोफेचा चिलखतभेदी गोळा १,२०० किलोंच्या वर. शेजारच्या जोसेफ पी. केनेडी ज्युनिअर या विनाशिकेने १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात नाकेबंदीत भाग घेतला. शिड्या उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी मुख्य डेकवरच राहावं, लायनफिश पाणबुडीत उतरू नये.

दीड तासावर ग्रोटन. इथल्या सबमरीन फोर्स म्युझियममध्ये जगातली पहिली अणुपाणबुडी नॉटिलस आहे, प्रवेश फुकट. १९५८ च्या ३ ऑगस्टला ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. ती बांधणारी इलेक्ट्रिक बोट ही कंपनी १८९९ मध्ये उभी राहिली, पॅटरसनच्या त्याच हॉलंडच्या पाणबुड्यांच्या जोरावर. संग्रहालय नौदल तळाच्या फाटकाबाहेर आहे, त्यामुळे विशेष परवानगी लागत नाही. आठवड्याची सुट्टी तपासूनच दिवस ठरवा आणि शेवटचा प्रवेश चुकणार नाही अशा बेताने फॉल रिव्हरहून निघा.

परतीला आय-९५ वर कनेक्टिकटमध्ये शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. एक रात्र जवळच्या मिस्टिकला काढून सोमवारी सकाळी गर्दी ओसरल्यावर निघालात तर वेस्ट पॉइंट ही लष्करी अकादमीही जोडता येईल. तिथलं लष्करी संग्रहालय फाटकाबाहेर आहे. अकादमीच्या आत मात्र परदेशी नागरिकांना पासपोर्ट दाखवून बसच्या सहलीतूनच जाता येतं. तिचं बुकिंग घरून निघण्याआधीच करून ठेवा.